तुमचा पहिला ईमेल आयडी कुठं आणि कसा काढलासा?

भाचीचा सीईटीचा फॉर्म भरायचा हाय, त्याला ईमेल पायजे म्हणून काल तिचं जीमेल काढून दिलं, दोन मिंटात झालं पण. आमच्या वेळी ह्यात अख्खी दुपार जायची राव. तुमचं कसं झालतं? लिवा सगळ्यांनी.

मंगळवारपेठकर: आपलं हॉटमेल! राजारामपुरीत नेट कॅफे होता, तासावर पैसे, त्यातला निम्मा वेळ डायल-अपची किरकिर ऐकण्यातच जायचा. फॉर्म भरून सबमिट दाबलं की हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. आडनाव पाटील, मिळणार कसं? मग कोल्हापूरची गाडी म्हणून पुढं ०९ लावलं तर तेबी गेलेलं!! शेवटी पाटलाच्या पुढं म्हशीचं नाव लावलं तवा मिळालं, आणि नंतर नोकरीच्या अर्जावर तेच लिवायला लागलं. जागा सगळी मिळून २ एमबी, कुणी लग्नाचे चार फोटो धाडले की डबा फुल्ल.

उद्यमनगर: रेडिफमेल. फौंड्रीची कोटेशनं अजून त्याच्यावरनंच जात्यात. पोरगं म्हणतंय पप्पा बदला, पण पुण्याच्या सगळ्या पार्ट्यांकडं तोच पत्ता हाय, बदलून कसं चालंल.

विद्यापीठ रोड: जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं, १ जीबी फुकट म्हटल्यावर लोकांना एप्रिल फूलच वाटलं की. तवा इन्व्हाइट लागायचं, ते २००७ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. होस्टेलवर एका सीनियरकडं इन्व्हाइट होते तर कसला भाव खाल्ला तिनं, मिसळ चारली तवा एक दिलं. मी पोरगीच हाय, पण आम्ही 'मी गेलो, मी आलो'वाले, त्यामुळं मेलमध्येबी तसंच लिवायचो, पुण्याची मैत्रीण गोंधळायची.

शाहूपुरी ३ री गल्ली: आमच्या सासऱ्यांचं खातं मोबाइल दुकानवाल्यानं काढून दिलं आणि रिकव्हरीला नंबर टाकला स्वतःचा! मामांनी नवा फोन घेतला तर कोड जातोय त्याच्याकडं, आणि त्यानं दुकान बंद करून कवाच गाव सोडलंय. नशीब, जुन्या फोनात खातं चालू होतं आणि पासवर्ड मामांनी पंचांगाच्या मागं लिहून ठेवलावता. त्याच फोनवरनं नंबर बदलून घेतला. घरातल्या म्हाताऱ्यांची खाती एकदा उघडून बघा, कुणाचा नंबर हाय ते.

मंगळवारपेठकर: आणि अधनंमधनं लॉगिन पण करा. दोन वर्षं हात लावला नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतंय, फोटोसकट.