मदत हवी आहे: दोन मोटारींच्या इंजिनात डीसीसी डिकोडर, गाडी जागेवरच गुरगुरतेय

नमस्कार मंडळी, कुडाळहून लिहितोय. गणपतीच्या आराशीत दरवर्षी छोटी रेल्वे असते आमच्याकडे, यंदा कोकण रेल्वेचा पानवल नदीचा पूल केलाय पुठ्ठ्याचा (खरा ६४ मीटर उंच, एचओ या मॉडेल-मापाने, म्हणजे १:८७ ने, ७४ सेंमी होतो, तेवढा केला तर गाडी माटवीच्या (गणपतीवर टांगतो ती फळांची चौकट) कवंडळांना आपटेल म्हणून निम्माच केला).

इंजिन जुनं, दोन्ही बोग्या (इंजिनाखालचे चाकांचे सांगाडे) सेम आणि प्रत्येकीला आपली मोटार. साध्या डीसीवर (रुळातला करंट थेट मोटारीला) मस्त पळायचं. आता डीसीसी करतोय, म्हणजे रुळातून डिजिटल हुकूम जातो आणि इंजिनातला डिकोडर तो वाचून मोटार चालवतो. मी मोटारींचं चाकांशी आणि चासीशी असलेलं विजेचं कनेक्शन तोडलं, मग दोन्ही बोग्यांच्या रुळाकडच्या वायरी रंगाला रंग जोडून डिकोडरच्या लाल-काळ्याला दिल्या तर रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट, कमांड स्टेशन (रुळाला वीज आणि हुकूम देणारा डबा) बंद. एका बोगीच्या वायरी उलट केल्या, शॉर्ट गेला. मोटारींचे प्लस डिकोडरच्या ऑरेंज वायरला, मायनस ग्रेला. आता लाईट लागतो, पत्ता ३ (डिकोडरचा नंबर) वर ओळखतो, पण स्पीड दिला की नुसती गुरगुर, चाकं जागच्या जागी घसरतात आणि मिनिटभरात डिकोडर चटका बसेल इतका तापतो. पहिला असाच गेला, वरचं प्लास्टिक तपकिरी झालं, आई देवघरातून ओरडली, कसला रे वास हा. आता एकच उरलाय आणि चतुर्थी दहा दिवसांवर, काय करू?

प्रतिसाद १: प्रत्येक मोटारीला वेगळा डिकोडर घाल, दोघांना एकच पत्ता दे. एकावर लोड येतोय.

प्रतिसाद २: मेल्या, आणखी डिकोडर मागवू नको आधी! दोन डिकोडर झाले की दोघांचं बॅक ईएमएफ (फिरत्या मोटारीचा उलटा व्होल्टेज, त्यावरून डिकोडर स्पीड सांभाळतो) एकमेकांशी भांडतं, ते बंद करत बसावं लागतं. तुझं दुखणं वेगळं आहे. दोन्ही बोग्या सेम आहेत म्हणजे एक उलट्या तोंडाने बसवलेली असणार, बरोबर? डीसीवर प्रत्येक मोटार आपल्याच चाकांतून करंट घ्यायची, बोगी फिरली की तिची पोलॅरिटीपण फिरायची, म्हणून आपोआप जमायचं. तू ते तोडलंस. शॉर्ट जावा म्हणून रुळाच्या वायरी उलट केल्यास ना, मग त्याच बोगीच्या मोटारीचं ऑरेंज-ग्रे पण उलट कर. आत्ता एक मुंबईकडे ओढतेय, दुसरी गोव्याकडे. इंजिन उताणं धरून बघ, चाकं उलटसुलट फिरताना दिसतील.

प्रतिसाद ३: +१. आणि जोडायच्या आधी डिकोडर बाजूला काढून दोन्ही मोटारींचा मिळून स्टॉल करंट (चाकं अडवल्यावर मोटार खाते तो करंट) मोज. १२ व्होल्ट दे, चाकं बोटांनी घट्ट धर, मल्टीमीटर बघ, सोड, सेकंदाच्या वर नको. डिकोडर १ अँपिअरचा असेल तर आकडा त्याच्या आतच पाहिजे.

मूळ लेखक: उताणं धरलं, खरंच उलटसुलट!! दोन्ही बोग्या वेगवेगळ्या तपासल्या होत्या हो, एकत्र कधी बघितल्याच नाहीत. वायरी फिरवल्या, चालली. स्टॉल करंट दोन्ही मिळून ०.८ अँपिअर आला. पुलावर मधेच एक झटका खाते, पण रूळ काळे पडलेत, पावसात खाऱ्या हवेने दर आठवड्याला पडतात. उद्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसतो आणि सांगतो.