मदत हवी आहे : खिळ्यावरची दहा वर्षं

नमस्कार मंडळी. लालबागच्या आमच्या खोलीत २०२६ चं कालनिर्णय लावायला जुनं काढलं, तर त्याखाली २०१६ पासूनची सगळी एकाच खिळ्याला लटकलेली!

चौकोनांत आईच्या पेन्सिलीने दुधाचे खाडे, गॅसचा नंबर आणि मध्येच आमचं आयुष्य. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, पुढचा आठवडाभर फक्त "बँक, रांग". २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात "हे अंधेरीहून चालत, पहाटे ३". मार्च २०२० ला लोकल थांबली, बाबांची नोकरी गेली. ते मात्र तिने कुठेच लिहिलेलं नाही. दूध तेवढं रोज लिहिलंय. एप्रिल २०२१ नंतरचं अक्षर माझं आहे.

बाबा म्हणतात, रद्दीत घाल. (ते असंच म्हणतात, आणि मग रद्दीवाल्याला परत पाठवतात.)

पानं दमट हवेने चिकटलीत, पेन्सिल पुसट झालीय. न फाटता कशी सोडवू? मोबाईलवर फोटो पुरतील की स्कॅन करून घेऊ? दादर-परळकडे कुणी नीट करून देतं का?

आणि एक. ३१ तारखेला रात्री ही बाबांसमोर उघडू का? कुणी असं केलंय घरी?