मनःस्वास्थ्यासाठी सहा महिने ब्रेक घ्यायचा आहे – रजा, विमा आणि घरच्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी हिंजवडीत आयटीत आहे, प्रॉडक्शन सपोर्टला. वय ३८, सध्याच्या कंपनीत चार वर्षं होऊन गेली. आता असं झालंय की ऑन-कॉलच्या फोनची रिंगटोन लिफ्टमध्ये दुसऱ्या कुणाच्या फोनवर वाजली तरी छातीत धडधडतं, हाताला घाम सुटतो. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. सायकियाट्रिस्टकडे अँक्झायटीचे उपचार चालू आहेत, समुपदेशनही. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी आधार मिळेल, पण कामाचा ताण असाच राहिला तर फारसा फरक पडायचा नाही.

अंगावर काढत बसायचं नाही, असं मी ठरवलंय. पुरती कोलमडल्यावर नाइलाजाने थांबण्यापेक्षा आत्ता, चार पैसे गाठीशी असताना थांबलेलं बरं. नवऱ्याची साथ आहे. गृहकर्जाच्या हप्त्यातला माझा वाटा सहा महिन्यांपुरता बाजूला काढून ठेवलाय.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. राजीनामा द्यावा की बिनपगारी रजा मागावी? नोटीस ९० दिवसांची आहे. आरोग्यविमा फक्त कंपनीचाच आहे, तो नोकरीबरोबर जाणार. नवा घ्यायचा तर फॉर्मवर हे उपचार लिहावे लागतील. मैत्रीण म्हणते लिहूच नकोस. मला ते पटत नाही. आणि सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना काय सांगू? ज्यांनी असा ब्रेक घेतलाय त्यांनी कृपया लिहा.

– पाणवठा

आडवाट: पाणवठाताई, एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, आधी रजा मागा. डॉक्टरांचं पत्र जोडून, लेखी. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात आणि तुम्ही त्याच्या जवळ आला आहात. मंजूर रजेने नोकरी खंडित होत नाही. रजेच्या काळात विमा चालू राहील का, हेही ईमेलवरच विचारा. तोंडी 'हो हो'वर जाऊ नका.

रजा नाकारली आणि राजीनाम्याची वेळ आली, तर शेवटच्या दिवसाआधीच त्याच विमा कंपनीकडे गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा. घ्यायचं की नाही हे ते ठरवतात, पण घेतलं तर प्रतीक्षाकाळ (म्हणजे ठरावीक आजारांवर क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) आधी जेवढा पूर्ण झालाय तेवढा धरला जातो. उपचार मात्र लपवू नका. क्लेम नाकारायला त्यांना तेवढं कारण पुरतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारासाठीही विमा द्यावा लागतो. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. म्हणून लवकर घेतलेला बरा.

सोनटक्का: मी घेतला होता असा ब्रेक, बँकेतून. सासूबाईंना 'डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे' एवढंच सांगा, आणि ते नवऱ्याने सांगू दे. पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, पोळ्यांच्या मावशींना बंद करू नका. बाई घरी आहे म्हटलं की सगळ्यांची कामं आपसूक तिच्याकडे येतात. गॅस सिलिंडर, शाळेचे प्रोजेक्ट, नणंदेकडचे पाहुणे, सगळंच. माझे पहिले दोन महिने त्यातच गेले, विश्रांती कुठली! सकाळचे दोन तास फक्त तुमचे, हे आधीच घरात ठरवून घ्या. रात्री जाग येऊन फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.

पाणवठा: दोघांचेही मनापासून आभार. मावशींचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही खर्च कमी करायला नेमकं तेच ठरवत होतो. आडवाट, रजेचा अर्ज मॅनेजरमार्फत द्यावा की थेट एचआरला? मॅनेजरला आजाराचं नाव कळलंच पाहिजे का?

आडवाट: अर्ज मॅनेजरला, डॉक्टरांचं पत्र फक्त एचआरला. अर्जात 'वैद्यकीय कारण' एवढंच लिहा.