टेम्पररी पेसमेकर टाकल्यावर एस-1 (हृदयाचा पहिला आवाज) च्या आधी "टिक" असा आवाज, काय असू शकतं?

नाइटड्युटी_रेसिडेंट:
कम्प्लीट हार्ट ब्लॉकचा (वरच्या कप्प्यांचा सिग्नल खाली पोचतच नाही) पेशंट आहे, फेमोरलमधून (मांडीच्या शिरेतून) टेम्पररी लीड, म्हणजे पेसरची वायर, टाकलीय, रेट 70. काल छाती क्लिअर होती, आज स्टेथो लावला तर एस-1 च्या जस्ट आधी बारीक कोरडा टिक, आणि स्टर्नमच्या डाव्या कडेला चप्पल घासत चालल्यासारखी खरखर. एस-4 (एट्रिया आकुंचन पावताना येणारा जादा आवाज) असेल का? बीपी ठीक आहे, कॅप्चर पण होतंय (पेसरच्या प्रत्येक करंटला ठोका पडतोय).

जुना_स्टेथो:
एस-4 नाही वाटत. तुझ्या पेशंटचे एट्रिया (वरचे कप्पे) त्यांच्या तालात आणि व्हेंट्रिकल (खालचे कप्पे) पेसरच्या तालात चाललेत, मग एस-4 इकडेतिकडे भटकेल, दर बीटला एकाच जागी कसा येईल? टिक प्रत्येक स्पाइकला (ईसीजीवर दिसणारी पेसरच्या करंटची रेघ) चिकटून येत असेल तर तो पेसमेकर साउंड, म्हणजे हृदयाचा आवाजच नाही, करंट इंटरकोस्टल नर्व्हपर्यंत किंवा डायफ्रामपर्यंत पोचतो आणि तिथला स्नायू आखडतो. पोटावर हात ठेवून बघ, स्पाइकबरोबर उडतंय का. उचकी लागलीय का तेही विचार.

इकोवाली:
टिकपेक्षा मला खरखरीची काळजी वाटते. टेम्पररी लीड कडक असते, आरव्हीची (उजव्या व्हेंट्रिकलची) भिंत पातळ, टोक आरपार गेलं तर रब (हृदयाच्या आवरणाची खरखर) येतो. प्रत्येक रब म्हणजे परफोरेशन (भिंतीला भोक) असं नाही हां, पण इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत तेच धरून चालायचं, बीपी ठीक आहे यावर जाऊ नका. कालचा आणि आजचा ईसीजी शेजारी ठेवा, पेस्ड बीट एलबीबीबीसारखा (डावी बाजू उशिरा चालल्याचा आकार) होता तो आरबीबीबीसारखा (उजवी बाजू उशिरा, म्हणजे टोक जागेवर नसेल) झालाय का? थ्रेशोल्ड (कॅप्चरला लागणारा कमीत कमी करंट) किती? हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू आहे का?

जुना_स्टेथो:
+1. आणि लीड बेडसाइडला ओढून बघायच्या भानगडीत पडू नकोस, आधी कार्डिओलॉजीला कळव, सर्जनला सांगून ठेव, छातीवर एक्स्टर्नल पेसिंगचे पॅड लावून ठेव.

वॉर्डातला_मी:
आमच्याकडे पेसरच्या पेशंटचा एस-2 (हृदयाचा दुसरा आवाज) एक्सपिरेशनला, म्हणजे श्वास सोडताना, फुटलेला (दोन तुकड्यांत) ऐकून सगळे घाबरले होते, ते नुसतं पॅराडॉक्सिकल (नेहमीच्या उलट) स्प्लिट निघालं. आरव्ही पेसिंगमध्ये एलव्ही (डावं व्हेंट्रिकल) उशिरा चालतं, व्हायचंच.

नाइटड्युटी_रेसिडेंट:
थँक्यू सर, मॅडम. हात ठेवला तर डावीकडे बरगडीखाली खरंच उडतंय, थ्रेशोल्ड काल 0.8 होता आज 2.5 एमए (मिलिअँपिअर). हेपॅरिन चालूच होतं, सरांना विचारून थांबवलं. पॅड लावलेत, इकोवाले निघालेत.