१९५१ ची शेवरले पिकअप, चेसिस उघडी केलीये – पावडर कोटिंग की इपॉक्सी?

शेवरले_५१_इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांची १९५१ ची शेवरले ३१०० पिकअप, अर्धा टनवाली, बरीच वर्षं रामबागेतल्या घरामागे उभी होती, ती आता सांवेर रोडला मित्राच्या शेडमध्ये आणलीये. कॅब उतरवली, मागचा हौदा उतरवला, इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढले, स्प्रिंगचे पाटे आणि अ‍ॅक्सल तेवढे राहिलेत. बाबा म्हणतात की ही मुंबईत शिवडीच्या जीएमच्या कारखान्यात जोडलेली असणार, तो कारखाना १९२८ ते १९५४ चालला म्हणजे वर्ष तरी जुळतं.

चेसिस बाहेरून बरी वाटते. वर ऑइल आणि मातीचा जाड थर, तो खरवडला की कुणीतरी ब्रशने मारलेला काळा रंग, त्याखाली रेड ऑक्साईड. मागच्या क्रॉस मेंबरपाशी (चेसिसच्या दोन लांब बाजूंना जोडणारा आडवा तुकडा) मात्र गंजाचे पापुद्रे सुटतायत, स्क्रूड्रायव्हर घातला तर दोन पत्र्यांच्या मधून लाल भुगा पडतो. इथले एक ब्लास्टिंगवाले म्हणतात आणून टाका, ब्लास्ट करून (हवेच्या जोराने दाणे मारून रंग-गंज काढून) पावडर कोट (भट्टीत तापवून बसवलेला पावडरचा रंग) करून देतो. आमचा पेंटर म्हणतो एवढा खर्च कशाला, वायर ब्रश मारू, रेड ऑक्साईड आणि वर काळा एनॅमल, पूर्वी सगळ्या गाड्यांना हेच व्हायचं. मला गाडी शोमध्ये उभी करायची नाहीये, चालवायची आहे, पावसात सापडली तरी खालून काही होणार नाही अशी हवी. बजेट थोडं पुढेमागे झालं तरी चालेल पण हे काम परत करावं लागू नये. कोणी जुन्या ट्रकची चेसिस केली असेल तर नीट सांगा प्लीज.

राजवाडा_रायडर
पावडर कोटिंगच कर भावा. माझ्या बुलेटची फ्रेम केलीये, कित्येक पावसाळे झाले, अजून चकाचक. ब्रशच्या रंगाला ती मजबुती येतच नाही.

कोटिंगवाला_पीथमपूर
मी कोटिंगच्याच लाईनमध्ये आहे, पावडर रोज डोळ्यासमोर असते, आणि तरीही म्हणेन की या चेसिसला पावडर नको. राजवाडा भाऊंचं बुलेटबद्दल बरोबर आहे पण ती फ्रेम नळ्यांची, वेल्ड केलेली, तिचा जवळजवळ सगळा बाहेरचा भाग गनसमोर येतो. तुमची चेसिस म्हणजे दोन सी-चॅनलचे, म्हणजे इंग्रजी C सारख्या आकाराचे, लाँग मेंबर आणि त्यांना रिवेट मारून बसवलेले क्रॉस मेंबर. जिथे जिथे रिवेट आहेत तिथे पत्र्यावर पत्रा चढलाय आणि त्या दोघांच्या मध्ये सत्तर वर्षांचं ऑइल, पाणी आणि गंज बसलेला आहे, तुम्ही जो लाल भुगा म्हणताय तो तोच. ब्लास्टिंगचा दाणा तिथे आत पोचत नाही. मग भट्टीत चेसिस १८०-२०० डिग्रीला गेली की आतलं ऑइल पातळ होऊन बरोबर त्या जोडाच्या कडेला बाहेर येतं आणि तिथेच पावडर धरत नाही, बारीक भोकं पडतात. वरून चॅनलच्या आतल्या कोपऱ्यात पावडर मुळातच कमी जाते, कारण विजेच्या चार्जवर उडणारी पावडर आधी जवळच्या कडा पकडते. पुढे कधी दगड लागून टवका उडाला की पाणी कोटच्या खालून सरकत जातं, वरून कोट चांगला दिसत राहतो आणि खाली गंज पसरलेला असतो. आणि घरी टचअप करणं जवळपास अशक्य. या चेसिसची लढाई त्या जोडांमध्येच आहे हो, मोकळ्या सपाट भागावर कुठलाही बरा रंग टिकतो.

म्हणून माझं मत ब्लास्टिंग नक्की करा पण वर टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळायचा, इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर तसाच टू-के पीयू (पॉलीयुरेथेन) काळा.

सगळ्यात आधी ग्रीस. ब्लास्टिंगला नेण्याआधी खरवडून, डिझेलने धुऊन, मग डिटर्जंट आणि गरम पाण्याने डिझेलही काढून टाकायचं. लोक हे टाळतात, म्हणतात ब्लास्टिंगमध्ये निघेलच. निघत नाही, तेलकट थर दाण्यासोबत धातूच्या खडबडीत पृष्ठभागात ठोकला जातो आणि तोच दाणा पुन्हा वापरला तर पूर्ण चेसिसवर तेल पसरतं. पाटे, अ‍ॅक्सल, ब्रेक पाईप, वायरिंगच्या क्लिपा सगळं उतरवा, आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवा.

ब्लास्टिंगवाल्याला विचारा दाणा कोणता. नदीची वाळू म्हणाला तर दुसरा बघा, कोरड्या वाळूची धूळ माणसाच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आपल्या गाडीसाठी त्या पोराचा जीव कशाला घालवायचा. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा स्टील ग्रिट मागा आणि फिनिश एसए अडीच सांगा, बरं ब्लास्टिंग युनिट असेल तर त्यांना लगेच कळतं, म्हणजे जवळपास पांढरं लोखंड, फार तर फिकट डाग चालतात. चेसिसचा पत्रा जाड आहे, प्रेशरने वाकणार नाही. पण सोबत बॉनेट आणि दरवाजे देऊ नका त्याच नोझलखाली, पातळ पत्र्याला लाटा येतात.

ब्लास्ट झाल्यावर उघड्या हाताने स्पर्श नको, घामाने बोटांचे ठसे गंजतात. त्याच दिवशी, जमलं तर तीन-चार तासांत पहिला कोट गेलाच पाहिजे. म्हणजे शेड, कंप्रेसर, प्रायमर, पेंटर सगळं आधीच तयार हवं. गाडी ब्लास्ट करून आणली आणि पेंटर सोमवारी येतो म्हणाला, असं झालं तर पैसे पाण्यात. कंप्रेसरला पाणी पकडणारा फिल्टर लावा.

प्रायमर झिंक फॉस्फेटवाला इपॉक्सी घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने नाही, आणि मिसळल्यावर डब्यावर जितकं थांबायला सांगितलंय, बहुतेकांत १५ ते ३० मिनिटं, तितकं थांबून मग गनमध्ये घाला. आता मुख्य गोष्ट. गन मारायच्या आधी छोट्या ब्रशने प्रत्येक रिवेटचं डोकं, प्रत्येक कड, प्रत्येक भोक आणि प्रत्येक जोड हाताने रंगवायचा. रंग ओला असताना धारदार कडेवरून मागे सरकतो, कडेवर थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जोडांमध्ये तर तोच इपॉक्सी थोडा पातळ करून ब्रशने पुन्हा पुन्हा लावा, तो आपोआप आत ओढला जातो, घेणं थांबेपर्यंत लावत राहायचं. मग गनने दोन कोट. सुकल्यावर जोडाच्या वरच्या आणि बाजूच्या कडेला पीयू सीलर भरा पण खालची कड उघडी सोडा, कारण तरीही पाणी आत गेलंच तर त्याला बाहेर यायला वाट हवी.

पेंटरच्या रेड ऑक्साईडबद्दल: वाईट वस्तू नाही, दाराच्या ग्रिलला छान. पण तो एकटा पाणी फार काळ अडवत नाही, आणि त्यावर टू-के मारलात तर थिनरने खालचा रंग उचलून सुरकुत्या पडतात. जुन्या रेड ऑक्साईडवर तर मुळीच नको.

वरचा काळा पीयू का, तर इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढुरका होतो. पूर्ण ग्लॉस घेऊ नका, निम्म्या चमकेचा घ्या, जुन्या ट्रकला तोच शोभतो. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, पेंटरने तोंडाला रुमाल बांधून चालणार नाही, त्याने एकदा दमा धरला की आयुष्यभर राहतो. बाहेरून हवा येणारा मास्क भाड्याने मिळतो का बघा, मिळत नसेल तर पीयू एखाद्या बूथवाल्याकडे मारून घ्या.

जुनं_लोखंड
वरच्यांनी रंगाचं व्यवस्थित सांगितलंय. पण अरे बाळा, रंगाच्या आधी चेसिस सरळ आहे का ते बघितलंस का? पूर्ण मेहनतीने रंगवून झाल्यावर कॅब बसवताना दरवाजा लागत नाही तेव्हा कळून काय उपयोग.

चेसिस चार घोड्यांवर लेव्हल कर. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या हँगरच्या भोकांतून ओळंबा सोड आणि खाली फरशीवर खडूने खुणा कर. मग चेसिस बाजूला घेऊन खुणांमधले कर्ण मोज. दोन्ही कर्णांत पाव इंचाच्या आत फरक असेल तर रस्त्यावर चालवायच्या जुन्या ट्रकला ठीक. जास्त असेल तर आधी चेसिस अलाइनमेंटवाल्याकडे, इंदूरला ट्रकचा एवढा धंदा आहे, ट्रान्सपोर्ट नगरला हे काम करणारे बसलेलेच आहेत.

ब्लास्ट झाल्यावर आणि प्रायमरच्या आधी रिवेट तपास, आणि हे तासाभरात उरकायचं काम आहे म्हणून दोन माणसं लाव. हातमोजा घालून एका बाजूने रिवेटवर बोट ठेव, दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टिचकी दे. सैल असेल तर बोटाला हलकासा धक्का कळतो आणि आवाज फुटका येतो. खरं तर ब्लास्टिंगच्या आधीच बरेचसे सापडतात, सैल रिवेटच्या डोक्याभोवती गंजाचं कडं दिसतं, त्यावर खडूने खूण करून फोटो काढून ठेव. सैल रिवेट काढून गरम रिवेट मारणारा कोणी भेटला तर उत्तम, नाहीतर भोक रीमरने गोल करून त्यात घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट, ८.८ ग्रेडच्या खालचा नाही, आणि बोल्टची गुळगुळीत दांडी दोन्ही पत्र्यांतून गेली पाहिजे, आटे पत्र्याला घासता कामा नये. डोक्यावर वेल्डिंगचा टिपका मारून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नकोस.

तुझ्या मागच्या क्रॉस मेंबरचे पापुद्रे जास्त असतील तर रिवेट काढून तो सुटा करणंच बरं. सुटा झाला की जोडाच्या आतली दोन्ही तोंडं ब्लास्ट होतात, आतून प्रायमर बसतो आणि मग परत जोडता येतो. कोटिंगवाले ज्या जागेची काळजी करतायत ती जागाच उघडी होते. सगळे क्रॉस मेंबर मात्र काढू नकोस, चेसिसचा आकार हातातून जाईल, एका वेळी एक आणि बाकीचे घट्ट.

भेगा बघायच्या जागा म्हणजे स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तो भाग आणि पाट्यांचे हँगर. पॅच मारायची वेळ आली तर चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड अजिबात नको, जोर सगळा तिथेच असतो, बरोबर वेल्डच्या शेजारून चेसिस तुटते. पॅच चॅनलच्या उभ्या भागावर आणि टोकं तिरकी कापलेली.

बडोदेकर_विलीज
मी बडोद्याहून, आमच्याकडे विलीज जीप आहे म्हणून कागदांचं तेवढं सांगते, कारण रंगाच्या नादात ते मागे पडतं.

चेसिसवर जिथे नंबर ठोकलाय ती जागा ब्लास्टिंगच्या आधी शोधा, ग्रीसखाली असते. पेन्सिलने कागदावर ठसा घ्या, फोटो घ्या, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. मग त्यावर जाड रबरशीट चिकटवून वरून टेपचे थर द्या आणि ब्लास्टिंगवाल्याला समोर उभं राहून दाखवा की इथे नोझल नाही. तिथला गंज नंतर हाताने, नायलॉनच्या ब्रशने काढायचा आणि तिथे प्रायमर आणि रंग पातळच, आकडे बुजले तर आरटीओत उभं राहून समजावत बसावं लागतं. ग्राइंडर तर त्या जागेच्या जवळही नको, घासलेला नंबर म्हणजे चोरीचा संशय.

दुसरं, २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना व्हीए सिरीज, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. त्यात अट अशी आहे की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल केलेला नसावा. शिवाय व्हीए नंबर घेतला की गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कारणांनी काढता येते, आणि तुम्हाला तर चालवायची आहे, तेव्हा तिकडे जायचं की जुनीच आरसी चालू ठेवायची हे आधी ठरवा. काही ठरवलं तरी सी-चॅनलला पट्टी मारून बॉक्स करून टाकू, जास्त मजबूत होईल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जशी आहे तशीच ठेवा.

शेवरले_५१_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ओळंब्याचं तर डोक्यातच नव्हतं, या रविवारी करतो. ताई, नंबर अजून सापडला नाहीये, उद्या डिझेल घेऊन बसतो. तीन शंका राहिल्या. एक, ब्लास्टिंगवाले म्हणतात आम्ही वरून फॉस्फोरिक अ‍ॅसिड मारून देतो म्हणजे दोन दिवस गंज येत नाही, घेऊ का? दोन, आता पाऊस चालू आहे, थांबायचं का? तीन, गाडी सहा व्होल्टची आहे आणि तशीच ठेवायची आहे, एवढा रंग बसल्यावर अर्थिंग (चेसिसमधून करंट परत जायची वाट) कुठून मिळणार?

कोटिंगवाला_पीथमपूर
अ‍ॅसिड नको. ब्लास्टिंगने लोखंड मोकळं केलं ते इपॉक्सीने थेट लोखंड धरावं म्हणून, मध्ये अ‍ॅसिडचा थर राहिला तर इपॉक्सी तिथून सुटतो, आणि तुमच्या जोडांमध्ये शिरलेलं अ‍ॅसिड धुऊन निघणारच नाही.

थांबा. पावसाळ्यात इंदूरची हवा इतकी ओली असते की ब्लास्ट केलेलं लोखंड बघता बघता पिवळं पडतं. नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ डिग्री वर. दिवाळीनंतरचे आठवडे सगळ्यात चांगले. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ठीक, पण रात्री पारा १० च्या आसपास उतरला की इपॉक्सी पिकायला फार वेळ घेतो, तेव्हा सकाळी लवकर मारा म्हणजे दिवसाची ऊब मिळेल. दोन कोटांमध्ये डब्यावर दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस गेले तर ३२० च्या पेपरने घासल्याशिवाय पुढचा कोट मारू नका, वरचा रंग सालीसारखा निघेल. तोपर्यंत मोजमाप, रिवेट, धुणं सगळं उरकून घ्या.

अर्थिंगसाठी बॅटरीची आणि इंजिनची पट्टी जिथे चेसिसला लागते त्या जागा रंगाच्या आधी टेपच्या गोल तुकड्यांनी झाका. सहा व्होल्टला तेवढ्याच दिव्यासाठी करंट दुप्पट लागतो त्यामुळे खराब अर्थिंग बारा व्होल्टपेक्षा जास्त त्रास देतो, सेल्फ मंद फिरणं, दिवे पिवळे पडणं. पट्टी उघड्या लोखंडावर घट्ट आवळायची आणि मग वरून ग्रीस किंवा वॅक्स.

जुनं_लोखंड
आणि वरचा पीयू पूर्ण पिकायला आठवडाभर दे, त्याआधी हँगरचे बोल्ट आवळलेस तर वॉशरखाली रंग पिळून निघेल. ब्रेक सगळ्यात शेवटी भर. ब्रेक ऑइल रंग खातं, हवा काढताना प्रत्येक निपलखाली डबा धर आणि सांडलं तर पुसत बसू नकोस, लगेच भरपूर पाण्याने धू. नंबर सापडला की इथे कळव, पण फोटो टाकताना आकडे झाक.