मदत हवी आहे: शोग्रेन्सचा (अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते तो आजार) संशय, अँटी-रो (त्यासाठी रक्तात शोधतात ती अँटीबॉडी) निगेटिव्ह, तरी ओठाची बायोप्सी (आतल्या बारीक लाळग्रंथी काढून तपासणं) करावी का?

आई, वय ५२. वर्षभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. शर्मर टेस्टची (अश्रू मोजायची) पट्टी ५ मिनिटांत दोन्ही डोळ्यांत जेमतेम ३ मिमी भिजली. एएनए (अशा आजारांसाठीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, अँटी-रो मात्र निगेटिव्ह. कोरडेपणाची इतर कारणं, म्हणजे मधुमेह, हिपॅटायटिस सी, नाहीत. ॲलर्जीची, डिप्रेशनची गोळीही नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना शोग्रेन्सचा संशय आहे. शोग्रेन्स ठरवायच्या २०१६ च्या निकषांत ४ गुण लागतात. शर्मरचा १ मिळाला, बायोप्सी पॉझिटिव्ह आली तर ३ मिळतील, म्हणजे सगळं ओठावरच अडलंय! आई ‘ओठ कापणार’ ऐकूनच बिथरलीय, त्यात ॲस्पिरिन चालू. ते थांबवायचं का हे डॉक्टरांनाच विचारेन. ज्यांनी ही बायोप्सी केलीय त्यांनी सांगा: ओठ किती दिवस बधिर राहिला, आणि रिपोर्टमध्ये फोकस स्कोअर (ग्रंथीत जमलेल्या पांढऱ्या पेशींच्या पुंजक्यांचं मोजमाप) आकड्यात आला, की आधीच मागून घ्यावा लागला?