केमोचा थकवा: आईला झोपू द्यायचं की चालवायचं?

सहकारनगरवाली:
आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, एसी नावाच्या केमोचे चार डोस झाले, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू आहे. एरवी रोज सकाळी तळजाई टेकडी गाठणारी बाई, आता कणीक भिजवायला घेते आणि अर्ध्यातच परात सरकवून स्टुलावर बसते, हाताला पीठ तसंच. दुपारभर झोपली तरी उठल्यावर म्हणते अंगात जीवच नाही. आणि केमोच्या दुसऱ्या दिवशी मात्र कपाटं आवरायला काढते! मावशी म्हणते अजिबात हलू देऊ नको, शेजारच्या काकू म्हणतात अंगात सूज आहे, हळदीच्या कॅप्सूल दे. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी टेस्ट) थोडं वाढलेलं आलंय खरं, पण पायाबियावर तर काही सूज दिसत नाही?

पर्वतीपायथा:
कपाटं आवरणं ही डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कृपा. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी ते देतात, त्याचा जोर एकदोन दिवस टिकतो आणि मग माणूस धपकन खाली येतो. मी स्वतः यातून गेलोय. त्या दिवशी कपाटाला कुलूप घाला, नाहीतर पुढचे दोन दिवस त्याची किंमत मोजावी लागते.

फिजिओ_कोथरूड:
ताई, काकू अगदीच चुकीचं नाही बोलत, फक्त ही सूज डोळ्याला दिसणारी नाही. केमोने पेशींना इजा होते, मग आयएल-६, टीएनएफ असे सायटोकाइन, म्हणजे सुजेचा निरोप नेणारी प्रथिनं, रक्तात वाढतात, मेंदूपर्यंत त्यांचा निरोप जातो आणि फ्लूमध्ये कसं गळून जातो तसं वाटतं. म्हणून नुसत्या झोपेने हा थकवा जात नाही, उलट पडून राहिलं की स्नायू उतरतात आणि आणखी दमायला होतं. यावर सगळ्यात चांगला पुरावा हलक्या व्यायामाचाच आहे. तळजाई राहू दे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं, बोलता बोलता चालता येईल इतपतच. पण आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), थायरॉइड बघून घ्या, हिमोग्लोबिन उतरलं असेल तर नुसतं चालवून काय होणार.

बाणेरचा_बाळ:
सगळ्यांना सरसकट चालायला लावू नका राव. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खूप कमी असतील किंवा हाडात पसरलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री असला तरी हॉस्पिटल, पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. सीआरपी इन्फेक्शननेही वाढतं, त्यामुळे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच.

पर्वतीपायथा:
हळद भाजीत खुशाल घाला. कॅप्सूल नको, त्यात बऱ्याचदा मिरीचा अर्क असतो आणि औषधं लिव्हरमध्ये तुटण्यात गडबड होऊ शकते. काढेबिढे पण कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

सहकारनगरवाली:
थँक्यू सगळ्यांना. सोमवारी ब्लड टेस्ट आहेच, थायरॉइड पण सांगते. कणीक आता मी मळते, तिला फक्त पोळ्या लाटायच्यात, तेही खुर्चीत बसून, नाहीतर ती ऐकणार नाही. मावशीला कोण समजावणार तेवढं सांगा.